घड्याळजीने लावलेली तारीख

कांतांगच्या बाजारात माझं घड्याळांचं दुकान आहे. भिंतीवर एकतीस घड्याळं आहेत आणि एकतीसही एकच वेळ दाखवतात. हे मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक घड्याळजींच्या भिंतीवर जितकी घड्याळं तितकी मतं असतात. आमचा स्टेशनमास्तर माझ्या दुकानावरून जाताना आत डोकावतो आणि स्वतःच्या मनगटावरचा काटा सरकवतो. लोक मला को लेंग म्हणतात. को म्हणजे दादा. वेळेच्या बाबतीत गावात माझा शब्द शेवटचा. एवढा मान असलेला माणूस माती खातो तेव्हा किती खातो, त्याची ही गोष्ट.

आमच्या बुद्ध-गणनेचं साल २५५२, ऑगस्ट महिना. सोमवारी सकाळी ख्रू प्रयोंग दुकानात आल्या. ख्रू म्हणजे शाळेतल्या बाई. गावात ख्रू पुष्कळ आहेत, पण नुसतं ख्रू म्हटलं की याच. चाळीस वर्षं चौथीला शिकवलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी समोर आल्या की माझी नजर आपोआप नखांकडे जाते, कापलीत की नाही. मी त्यांच्याच हाताखालचा. चौथीनंतर बापाने शाळा सोडवून दुकानात बसवलं, त्यामुळे त्या माझ्या शेवटच्या बाई.

त्यांचा एक नियम होता. वहीच्या कोपऱ्यात तारीख पूर्ण लिहायची, सालाचे चारही आकडे. मी २५१२ च्या जागी नुसतं १२ लिहायचो. सगळं गाव तसंच लिहितं आणि बोलतंही तसंच. ख्रू लाकडी पट्टी माझ्या बोटांवर टेकवायच्या आणि विचारायच्या, "बारा म्हणजे कुठलं बारा? वाचणाऱ्याला कसं कळणार?" मला वाटायचं, न कळायला काय झालं? दुसरं बारा येणार आहे थोडंच. मग पट्टी पडायची.

तर त्या सोमवारी ख्रूंचा संगणक बंद पडून चार दिवस झाले होते. सुरू केला की शिट्टी मारायचा आणि काळा पडदा दाखवून अडून बसायचा. फेरीबोटीच्या धक्क्याजवळ बांग लेमचं संगणकाचं दुकान आहे, पण तो सामान आणायला हातयाई शहरात गेला होता.

"फोनवर म्हणाला, आत घड्याळाची बॅटरी असते, ती संपली असेल," ख्रू म्हणाल्या. "तुझ्याकडे असते का रे तसली?"

घड्याळाची म्हटल्यावर मी कशाला थांबतो? पेचकस घेतला, नाण्याएवढी बॅटरी घेतली आणि त्यांच्या घरी गेलो. पेटी उघडली. आत मुठीएवढी धूळ आणि पालीची दोन अंडी. जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. यंत्र जागं झालं आणि निळ्या पडद्यावर तारीख मागू लागलं. दिवस तीन, महिना आठ. सालाच्या जागी शेवटचे दोन आकडे लुकलुकत होते. मी ५२ टाकलं आणि बटण दाबलं.

ख्रूंनी पडद्यावरची अक्षरं मोठी करून घेतली आहेत. खालच्या कोपऱ्यात वेळ, वार, तारीख असं दुकानाच्या पाटीसारखं दिसतं. मी मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडून पाहिली. सेकंदालाही फरक नव्हता. वेळ जुळली की घड्याळजीचं काम संपलं. ख्रूंनी लोंगकोंगचा एक घड हातात दिला, तो खात खात मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुकान उघडतो तोच ख्रू दारात. अंगात लाल सदरा.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक वाराला रंग आहे. रविवार लाल, सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, बुधवार हिरवा, गुरुवार नारिंगी, शुक्रवार निळा, शनिवार जांभळा. आजकाल कोण पाळतं? पण ख्रू पाळतात. चाळीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. शाळेत पोरं वार विसरली तर त्यांच्याकडे बघून सांगायची. अशा बाई मंगळवारी लाल सदऱ्यात. आणि त्या वर्षी देशात लाल सदरेवाले आणि पिवळे सदरेवाले असे दोन तट पडलेले. सख्खे भाऊ एका ताटात जेवेनासे झाले होते. कुणी लाल घातलं किंवा पिवळं घातलं तर का घातलं हे विचारायचं नाही, असा गावात न लिहिलेला नियमच झाला होता. मी सदरा पाहिला आणि खुर्ची पुढे केली.

"लेंग, दार लोट जरा," त्या म्हणाल्या. "एक सांगायचंय. कुणाला बोलायचं नाही."

मला वाटलं, आता राजकारण येणार. पण निघालं वेगळंच.

"मी पदवीधर नाही, तुला माहीत आहे का?"

"तुम्ही?"

"आमच्या वेळी दोन वर्षांचा अध्यापनाचा दाखला असला की मास्तरकी मिळायची. नंतर पदवीवाली पोरं आली, मुख्याध्यापक झाली. मी चौथीवरच राहिले. एकाने तर तोंडावर म्हटलं, ख्रू, तुम्ही अर्ध्या शिक्षिका." त्यांनी चष्मा काढून पुसला. "निवृत्त झाल्यावर घरी बसून शिकायच्या विद्यापीठात नाव घातलं. सहा वर्षं. मागच्या महिन्यात निकाल लागला. पास झाले मी."

चौथी शिकलेला माणूस पदवीला काय बोलणार? मी उठून त्यांना हात जोडले.

"ते राहू दे. पदवीदानाला नाव द्यायचंय. ते फक्त विद्यापीठाच्या वेबसाइटवर, आणि मुदत शुक्रवारी चार वाजेपर्यंत. नाही दिलं तर पदवी टपालाने येते. टपालाने, लेंग. वीजबिलासारखी." त्या थांबल्या. "आणि काल तू बॅटरी घातल्यापासून वेबसाइट उघडत नाही. म्हणते, माझं सर्टिफिकेट संपलं."

दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर गेलो. पडद्यावर लाल ढाल आणि खाली मजकूर. आपण कुणाच्या दारात गेलो की तो ओळखपत्र दाखवतो, तसं या वेबसाइटही दाखवतात म्हणे, त्यालाच सर्टिफिकेट म्हणायचं. आणि यंत्र सांगत होतं की या ओळखपत्राची मुदत उलटून गेली आहे. खाली दोन ओळी होत्या. एक, पान बंद करा. दुसरी, तरीही पुढे जा, पण ते योग्य नाही.

"दुसरं दाबा ना," मी म्हणालो.

"योग्य नाही लिहिलंय."

"तसं ते लिहितातच. नदीकाठी पोहू नये लिहिलंय, तिथेच अख्खं गाव पोहतं."

"म्हणूनच दर वर्षी एक बुडतो," ख्रू म्हणाल्या. "चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, नको लिहिलं असेल तर नको. आता पदवी घ्यायला जाताना पहिली गोष्ट तीच मोडू?"

मग मी बँकेची वेबसाइट उघडून पाहिली. तिचंही सर्टिफिकेट संपलेलं. ख्रूंच्या ईमेलच्या टपालपेटीचं संपलेलं. जिथे म्हणून कुलपाचं चित्र असतं, त्या प्रत्येकाचं संपलेलं. एका रात्रीत सगळ्या जगाची ओळखपत्रं बाद. मी छातीठोकपणे सांगितलं की हा त्या लोकांचा आळस आहे, वेळच्या वेळी नवं काढायला नको. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

बुधवारी ख्रू पिवळ्या सदऱ्यात. काल लाल, आज पिवळा. मी मनात म्हटलं, बाईंनी एका रात्रीत पक्ष बदलला. वाटेत कॉफीवाली जे सुई ओट्यावर भांडी पुसत होती, तिने सदऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भांडी पुसायला लागली. जे सुईने जीभ आवरली म्हणजे काळ किती वाईट होता ते समजा.

त्या दिवशी आम्ही विद्यापीठाच्या मदतकक्षाला फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली. ख्रूंनी सगळं सांगितलं.

"आजी, बहुतेक वेळा संगणकाची तारीख चुकलेली असते," ती म्हणाली. "कोपऱ्यात काय दिसतंय सांगता?"

ख्रूंनी वाचलं, "पाच, आठ, बावन्न."

"बरोबर आहे. आज पाच तारीख, साल बावन्न. मग तारीख नाही. संगणक बंद करून परत चालू करा."

मला बरं वाटलं. तारीख मी लावलेली, चुकेल कशी? आम्ही संगणक बंद करून परत चालू केला, सात वेळा. आठव्यांदा मी त्याला एक चापट मारली. जुन्या भिंतीवरच्या घड्याळांना चालते ती. संगणकाला चालत नाही.

"ख्रू, वेळ कमी आहे हो," मी म्हणालो.

"आहे अजून," त्या शांतपणे म्हणाल्या. मला वाटलं, ही खरी मास्तरकी. आपला घाम निघतोय आणि बाई बुद्धासारख्या बसल्यात.

गुरुवारी बांग लेम हातयाईहून आला. तोवर ख्रूंचा सदरा गुलाबी झाला होता. गुलाबीचा कुठलाच पक्ष नव्हता, त्यामुळे माझा जीव भांड्यात पडला आणि मी पुढे विचारच केला नाही. बांग लेम माणूस चांगला आहे, फक्त स्वतःचं कौतुक स्वतःच करतो, हे मला खपत नाही. ते काम माझं.

तो बसला, बोटं मोडली आणि सगळ्यात आधी कोपऱ्याकडे पाहिलं. "सहा, आठ, बावन्न. तारीख ठीक."

"ती मीच लावली," मी म्हणालो.

"मग प्रश्नच नाही, को." मग त्याने त्या लाल ढालीवर टिचकी मारून वेबसाइटचं ओळखपत्र उघडलं. "हे बघा. मुदत दोन हजार अकरापर्यंत. हे परदेशी साल. आपल्यात मिळवा पाचशे त्रेचाळीस, झालं चोपन्न. आत्ता बावन्न चालू. म्हणजे दोन वर्षं शिल्लक आहेत."

"मग संपलं कसं म्हणतं?" ख्रूंनी विचारलं.

बांग लेमने बोटांवर पुन्हा वजाबाकी केली. "यंत्राला वजाबाकी येत नाही," तो शेवटी म्हणाला.

"मला दे महिनाभर, शिकवते," ख्रू म्हणाल्या.

त्याने दोन प्रोग्राम काढले, तीन घातले, विषाणू शोधले. सत्तावन्न विषाणू सापडले, पण सर्टिफिकेटशी एकाचाही संबंध नव्हता. संध्याकाळी तो म्हणाला, "ख्रू, सरळ माझ्या दुकानात या. दोन मिनिटांत नाव भरू."

ख्रूंचा चेहरा आवळला. "तुझ्या दुकानात सतरा खुर्च्या. प्रत्येकीवर माझ्या हाताखालचं पोर नाहीतर त्या पोराचं पोर. सगळ्यांसमोर टाइप करू, की तुमची ख्रू आत्ता कुठे पदवीधर झाली? नाही येणार."

"मग हे 'पुढे जा' दाबा. मी सांगतो ना, काही होत नाही."

"लेम, तू पाढे म्हणतानाही असंच म्हणायचास, काही होत नाही. सातचा अजून येत नाही तुला."

सात नव्वे किती हे त्याला खरंच येत नसावं. घरी जाताना मी तास मोजत होतो. उद्या चार वाजता दार बंद होणार, आणि बाई शांत. मला त्यांच्या त्या शांतपणाचा राग यायला लागला होता.

शुक्रवारी सकाळी आठला मी जे सुईच्या दुकानात कॉफी पीत बसलो होतो. शेजारी बांग लेम भात खात होता. समोर तळलेला पातोंगको निवत होता. एवढ्यात ख्रू आल्या, हिरव्या सदऱ्यात, आणि नेहमीच्या जागी बसल्या.

जे सुई कपबशी घेऊन आली ती तिथेच उभी राहिली. तीन दिवस आवरलेली जीभ सुटली.

"ख्रू, लाल घातलंत, मी बोलले नाही. पिवळं घातलंत, बोलले नाही. म्हटलं, असतं एकेकाचं मत. काल गुलाबी, आज हिरवा. हिरव्याचा कुठला पक्ष काढलाय तो सांगा, मीही मत देते."

"पक्ष कसला?" ख्रू म्हणाल्या. "आज बुधवार ना."

बांग लेमचा चमचा हवेतच राहिला.

"आज शुक्रवार आहे, ख्रू," मी म्हणालो.

"बुधवार. सकाळी पाहिलं मी. संगणकावर."

जे सुईने भिंतीवरच्या फाडायच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. केवढा तरी मोठा सात आणि खाली शुक्रवार. ख्रूंनी ते वाचलं. चष्मा सरळ केला आणि पुन्हा वाचलं.

"चार दिवस यंत्र बंद होतं," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "कोण येतं माझ्याकडे वार सांगायला? सोमवारी तू बॅटरी घातलीस, मी पिवळं घालून बसले होते. यंत्र म्हणालं शनिवार. म्हटलं, आता माझं डोकंही चालत नाही. जाऊन जांभळं घातलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लेंगने लावलंय म्हटल्यावर चूक माझीच असणार ना."

मला आजवर पुष्कळ शिव्या मिळाल्या आहेत, गिऱ्हाइकांच्या आणि बायकोच्याही. पण हे एक वाक्य जितकं लागलं तितकी एकही लागली नव्हती. ही बाई चार दिवस स्वतःच्या डोक्यावर शंका घेत बसली, पण माझ्यावर घेतली नाही.

"म्हणजे मुदत आज," ख्रू म्हणाल्या आणि उठायला लागल्या. जे सुईने त्यांना पुन्हा खाली बसवलं.

माझं डोकं मात्र आता चालायला लागलं होतं, घड्याळजीचं डोकं. मी बांग लेमला विचारलं, "मनगटी घड्याळात वाराचं चाक वेगळं, तारखेचं वेगळं. एक चुकलं तरी दुसरं बरोबर राहतं. संगणकात कसं असतं?"

"संगणकात वार लावता येतच नाही, को. दिवस, महिना, साल दिलं की वार तो स्वतः काढतो."

"आणि ते गणित चुकत नाही?"

"कधीच नाही."

"दिवस बरोबर, महिना बरोबर. वार चुकला."

"म्हणजे साल चुकलं," बांग लेम म्हणाला. "पण साल तर बावन्न आहे. मी स्वतः पाहिलं."

तेव्हा ख्रूंनी मान वर केली. डोळे ओले होते, पण आवाज चौथीच्या वर्गातला.

"बावन्न म्हणजे कुठलं बावन्न?"

माझी बोटं आपोआप टेबलाखाली गेली.

"को," बांग लेम हळूच म्हणाला, "त्या बावन्नच्या आधी काय लिहिलेलं होतं?"

मी डोळे मिटले. निळा पडदा समोर आला. लुकलुकणारे दोन आकडे आणि त्यांच्या आधी, गपचूप बसलेले, दोन आकडे.

"वीस," मी म्हणालो.

"दोन हजार बावन्न." बांग लेमने कपाळाला हात लावला. "परदेशी साल ते. यंत्राला तेवढंच कळतं. तुम्ही ख्रूंना त्रेचाळीस वर्षं पुढे नेऊन ठेवलंत. तिथून बघितलं तर सगळ्यांचीच सर्टिफिकेटं संपलेली असणार. ती मदतकक्षातली मुलगी, मी, तुम्ही, सगळ्यांनी बावन्न वाचलं आणि मान हलवली."

"मी एकशे नऊ वर्षांची," ख्रूंनी हिशेब सांगितला.

"दिसत नाही हो," जे सुई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि हा गावाचा घड्याळजी. स्टेशनमास्तरला सांगायला हवं. आपली गाडी उशिरा येत नाही, त्रेचाळीस वर्षं लवकर येते."

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा मीच ठेवलेला. पण जे सुईच्या तोंडाला लागायला वेळ नव्हता. आम्ही निघालो. जे सुईने कॉफीचं दुकान तसंच गिऱ्हाइकांच्या भरवशावर टाकलं. "कशाची मुदत, ते वाटेत सांगा," म्हणाली. ख्रूंनी वाटेत सांगितलं. रस्त्यात, भर बाजारात, जे सुईला सांगितलं म्हणजे आता लाऊडस्पीकरची गरज नव्हती. जे सुई चालता चालता थांबली, हात जोडून खाली वाकली आणि म्हणाली, "माझ्या तीन पोरांना तुम्ही वाचायला शिकवलंत. अर्ध्या शिक्षिका म्हणणारा कोण तो, नाव सांगा."

घरी बांग लेम खुर्चीत बसायला गेला. ख्रूंनी त्याला अडवलं.

"ज्याने चुकवलं तो दुरुस्त करेल. लेंग, बस."

मी बसलो. तारखेची चौकट उघडली. खांद्यामागे ख्रू उभ्या होत्या, पट्टी नव्हती एवढंच. मी दोन, शून्य, शून्य, नऊ असे चारही आकडे टाकले, एकेक करून, प्रत्येक मोठ्याने म्हणत. कोपऱ्यात बुधवारचा शुक्रवार झाला. ख्रूंनी स्वतःच्या हिरव्या सदऱ्याकडे पाहिलं, "आलेच" म्हणाल्या आणि आत गेल्या. नऊ वाजले होते, सात तास हातात होते, पण मला त्या सदरा बदलण्याच्या तीन मिनिटांत घाम फुटला.

निळ्या सदऱ्यात येऊन त्यांनी वेबसाइट उघडली. लाल ढाल आली नाही. कोपऱ्यात एवढंसं कुलपाचं चित्र आलं आणि पान उघडलं. ख्रूंनी लगेच नाव टाइप केलं नाही. आधी त्या कुलपावर टिचकी मारून ओळखपत्राची मुदत वाचली, पाचशे त्रेचाळीस मिळवले, मान डोलावली आणि मग पुढे गेल्या.

नाव, परीक्षा क्रमांक, जन्मतारीख. एक एक रकाना भरत गेल्या, एका बोटाने. मग यंत्राने विचारलं, सोबत येणारे पाहुणे, जास्तीत जास्त दोन.

ख्रूंचं बोट थांबलं. त्यांचं कुणी नाही हे गावाला माहीत आहे. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूल नाही. मी आणि बांग लेम उगाचच खिडकीबाहेर बघायला लागलो. मग बटणांचा आवाज आला. पहिलं नाव जे सुईचं. नात्याच्या रकान्यात, मैत्रीण. जे सुईच्या अंगात एप्रन होता, त्यानेच तिने नाक पुसलं.

दुसरं नाव त्या टाइप करायला लागल्या तेव्हा मला ते ओळखू आलं नाही. सोमखिद. मग लक्षात आलं, हे माझं. शाळेच्या हजेरीपटावरचं. चौथीनंतर मला त्या नावाने कुणी हाक मारलेली नाही, माझ्या बायकोनेही नाही.

नात्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, विद्यार्थी.

"ख्रू," मी म्हणालो, "मी तुमचं वर्ष बुडवणार होतो. एक नाही, त्रेचाळीस."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "कच्च्या पोराला पुढच्या बाकावर बसवायचं असतं." आणि त्यांनी बटण दाबलं. नाव नोंदलं गेलं, असं पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं. बांग लेमने टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच, आणि मग लाजून बंद केल्या.

निघताना ख्रूंनी मला थांबवलं. टेबलाच्या खणातून एक जुनी वही काढली, कोरं पान उघडलं आणि पेन्सिल पुढे केली.

"तारीख लिही."

पन्नास वर्षांचा माणूस, भिंतीवर एकतीस घड्याळं, आणि आधी मी स्वतःची नखं पाहिली. मी कोपऱ्यात लिहिलं, ७ ऑगस्ट २५५२. चारही आकडे. ख्रूंनी चष्मा वर सरकवून वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, आणि लाल पेनाने बाजूला बरोबरची खूण केली. ते पान मी मागून घेतलं. दुकानात भिंतीवर लावलंय, घड्याळांच्या मधोमध.